शेरीफची टोपी

ताईचा फोन आला तेव्हा मी अगदी खरं बोलायच्या बेतात होतो.

"पुढच्या महिन्यात येतेय," ती म्हणाली. "चांगली राहणार आहे. आणि काय रे, आपला तो काऊबॉयचा सेट आहे ना? लग्न होऊन जाताना तुझ्या ताब्यात देऊन गेले होते तो?"

"आहे की."

"सगळा?"

इथे मी "बघून सांगतो" म्हणालो असतो तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण ताईने लगेच तिचं ते वाक्य टाकलं. हे वाक्य मी पहिली पाटी फोडली तेव्हापासून ऐकत आलोय. "नाही म्हणजे, तुझ्या हातात काही टिकत नाही, म्हणून विचारलं."

"जसाच्या तसा आहे," मी म्हणालो. "कालच सगळा काढून पुसला."

खोटं बोलायचं तर एका वाक्यात बोलून मोकळं व्हावं. दुसरं वाक्य हमखास गळ्यात येतं.

आई-बाबा दोघंही दिवसभर कामावर असायचे, त्यामुळे मला खऱ्या अर्थाने वाढवलं ते ताईने. माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. आज मी नळखात्यात वरिष्ठ लिपिक आहे. माझ्या सहीशिवाय अर्ध्या गावाला पाणी मिळत नाही, आणि सहीनंतरही लगेच मिळतं असं नाही. पण ताईच्या दृष्टीने मी अजून तोच, कपबशी दुसऱ्याच्या हातात द्यावी असा. एकदा, फक्त एकदा तिने माझ्याबद्दल "टिकवलंस हो" म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. पन्नाशी उलटलेल्या माणसाची ही इच्छा हास्यास्पद आहे असं बायकोचं मत पडलं. तिला मोठी बहीण नाही.

माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला. ज्यांनी हा सेट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हे लांब पश्चिमेकडचं एक गाव आहे, धुळीचं, माणशी एक बंदूक असलेलं. शेरीफ म्हणजे तिथला फौजदार, त्याचा घोडा, दोन दरोडेखोर, बँकवाला, न्हावी, खाणावळवाली बाई, कुदळ घेतलेला खाणवाला आणि काही किरकोळ काऊबॉय. प्रत्येक जण बोटभर उंचीचा, एकेका रंगाच्या मऊ प्लास्टिकचा.

डब्यातली परिस्थिती गंभीर होती. शेरीफचा पिस्तूल धरलेला उजवा हात खांद्यापासून गेला होता. घोडा तीन पायांवर आला होता, चौथा तुटून डब्याच्या तळाशी पडला होता. दोन दरोडेखोरांपैकी एक फरार होता; दरोडेखोराने फरार असणं तसं साहजिक आहे, पण सेटमधून नव्हे. काऊबॉयच्या बंदुका वाळक्या शेंगांसारख्या वाकल्या होत्या. बँकवाल्याला मात्र ओरखडासुद्धा नव्हता. बँकवाल्यांना सहसा काही होत नाही. सगळ्यात वाईट म्हणजे शेरीफच्या टोपीच्या कडेला उंदराने कुरतडल्यासारखे खोल खड्डे पडले होते. माझ्या घरातला उंदीर, माझ्या ताब्यातला शेरीफ. म्हणजे तोही शेरा माझ्याच नावावर.

"ताईंना खरं काय ते सांगून टाका," बायको म्हणाली. "हसतील आणि विसरतील."

"ती हसेल. विसरणार नाही."

नवा सेट आणावा म्हटलं तर हा सेट निघायचा बंद होऊन जमाना झाला होता. ज्या कंपनीने तो काढला ती अजून आहे, पण ती आता बादल्या काढते. मी फोन करून पाहिला. तिथल्या मुलीने फार आपुलकीने शेरीफ किती लिटरचा हवा ते विचारलं.

मग मी दुरुस्तीच हाती घेतली. आधी डिंक, मग पंक्चरवाल्याकडचं सोल्यूशन, मग एक अशी महागडी ट्यूब की जिच्यावर दोन हत्ती एकमेकांना ओढताना दाखवले होते. त्या ट्यूबने घोड्याचा पाय सोडून बाकी सगळं चिकटलं. माझा अंगठा, टेबल आणि त्या दोघांच्या मधलं वर्तमानपत्र. दुसऱ्या दिवशी मी अंगठ्याला हवामानाचा अंदाज घेऊन कचेरीत गेलो. नळजोडणीसाठी आलेल्या एका गृहस्थांनी तो वाचला आणि अर्ज न देताच परत गेले.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. उंटावरचा शहाणा म्हणतात तसे. उंट नाही, पण मजला वरचा आहे. कुणाच्या घरात काय बिघडलंय हे त्यांना जिन्यातून कळतं.

"गोंद कसला लावताय?" ते दारातूनच म्हणाले. "ते तेलकट प्लास्टिक. त्याला जन्मात काही चिकटायचं नाही. आधी बंदुका सरळ करून घ्या. उकळत्या पाण्यात टाका, नरम पडतील, मग हव्या तशा होतात." आणि ते गेले.

मी दुधाचं पातेलं घेतलं, कारण ते हाताशी होतं. पाणी उकळलं, गावातली सगळी जनता आत सोडली. काका म्हणाले तसंच झालं. बंदुका नरम पडल्या, सुतासारख्या सरळ झाल्या. फक्त बंदुकांबरोबर माणसंही नरम पडली. मी चिमट्याने एकेकाला काढून ओट्यावर ठेवत गेलो आणि ते एकेक करून बसत गेले. बँकवाला आयुष्यात पहिल्यांदा कमरेत वाकला. खाणावळवाली बाई न्हाव्याच्या खांद्यावर कलंडली, आणि हे असं काही आमच्या लहानपणी त्या गावात चालत नव्हतं. तेवढ्यात दाराची बेल वाजली.

"एक सांगायचं राहिलं," वरचे काका म्हणाले. "काढल्या काढल्या गार पाण्यात धरायचे हां. नाहीतर बसतात."

पुन्हा उकळून, गार पाण्यात धरून बहुतेकांना उभं केलं. खाणवाला मात्र काही केल्या उठेना. तो मांडी घालून, कुदळ मांडीवर घेऊन जो बसला तो बसलाच. संध्याकाळी बायकोने चहाचा एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला.

"चहाला कसला वास येतोय?"

मी म्हणालो, पश्चिमेचा. त्यानंतर दुधाचं पातेलं माळ्यावर आणि काऊबॉय स्वयंपाकघराबाहेर, असा निर्णय एकतर्फी झाला.

राहता राहिले शेरीफचा हात, घोड्याचा पाय आणि फरार दरोडेखोर. कचेरीतल्या एका पोराने कॉम्प्युटरवर शोधून दिलं की परदेशात एक म्हातारे गृहस्थ असल्या जुन्या सेटचे सुटे भाग विकतात. मी त्यांना लिहिलं, त्यांनी पाठवलं, आणि ते पार्सल आमच्या गावच्या पार्सल कचेरीत येऊन अडकलं.

तिथे टेबलावर एक बाई होत्या. चष्मा, करडी साडी, समोर उघडलेलं पार्सल. कागदावर माझ्या म्हाताऱ्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं: एक दरोडेखोर, एक पाय, एक उजवा हात पिस्तुलासह.

"हे काय आहे?" बाईंनी विचारलं.

"खेळणी आहेत."

"कुठल्या वयाच्या मुलांसाठी, त्याचा दाखला लागेल."

"मुलांसाठी नाहीत. माझ्यासाठी आहेत."

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "मग ती खेळणी होत नाहीत."

"दुर्मीळ पुराणवस्तू म्हणा."

"शंभर वर्षं झालीत?"

"त्याच्या अर्धी झाली असतील."

"मग पुराण नाही. नुसती वापरलेली. वापरलेली वस्तू चालू स्थितीत लागते. हा सुटा हात आहे. सुटा, वापरलेला भाग म्हणजे भंगार. भंगाराला परवाना लागतो."

मला राग यायला हवा होता. खरं सांगायचं तर कौतुक वाटलं. हेच काम मी उभा जन्म करतोय. "हा कागद इथला नाही" हे मी म्हणतो तेव्हा समोरचा निदान चिडतो तरी. या बाईंनी मला तीन वाक्यांत भंगारात काढलं आणि मी मान डोलावत होतो.

पण ताईचं तिकीट निघालं होतं. मी खुर्ची ओढून बसलो आणि सगळं सांगितलं. शेरीफ, ताई, तिचं ते वाक्य. बाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी तो काडीएवढा हात कागदावर सरळ करून ठेवला.

"हात शेरीफचा आहे," त्या शेवटी म्हणाल्या.

"हो."

"त्यांचा स्वतःचा हात गेलेला आहे."

"खांद्यापासून."

"मग आधी नाही का सांगायचं? कृत्रिम अवयवाला सूट आहे. डॉक्टरची चिठ्ठी आणा."

"मॅडम, तो बोटभर आहे."

"अवयवाच्या मापाबद्दल नियमात काही नाही," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

आता शेरीफला डॉक्टर कुठून आणायचा? पुन्हा वरचे काका. "अहो, आपल्या कोपऱ्यावरचे दातांचे डॉक्टर! तेही असलीच बाहुली जमवतात. कपाटभर आहेत म्हणतात." अडला नारायण म्हणतात तसा मी फोन केला. त्यांच्या स्वागतिकेचा आवाज गोड होता आणि प्रश्न एकच होता.

"कुठला दात?"

"दात नाही. मला चिठ्ठी हवीय."

"हो, पण कुठल्या दातासाठी?"

"डॉक्टरांना नुसतं भेटायचंय."

"ते लिहिते मी. दात कुठला लिहू?"

काहीतरी सांगायचं म्हणून मी खालचा, डावीकडचा म्हणालो.

डॉक्टरांनी मला खुर्चीत आडवं केलं, डोळ्यांवर दिवा आणला. मी खिशातून शेरीफ काढला. त्यांचे डोळे असे चमकले की मला वाटलं, झालं काम. पण माणूस तत्त्वाचा निघाला. "आधी तुमचं बघू. तुमची वेळ तुमच्या दातासाठी घेतलीय." आणि त्यांनी तोंडात आरसा घातला.

"तुम्ही सांगितलेला दात उत्तम आहे," ते म्हणाले. "त्याच्या शेजारचा मात्र गेलाय. दुखत नव्हता?"

दुखत नव्हता. त्यानंतर दुखला. शेरीफच्या हातासाठी गेलो आणि दात देऊन बसलो. हात दाखवून अवलक्षण ऐकलं होतं, हे पुढचं होतं. जबडा बधिर, तोंडात कापसाचे बोळे, आणि माझ्या छातीवरच्या ट्रेमध्ये माझा दात आणि शेरीफ शेजारीशेजारी पडले होते.

डॉक्टर आता शेरीफला दिव्याखाली धरून बोलत होते. मला बोलता येत नसल्यामुळे त्यांना चांगलाच उत्साह आला होता. "या प्लास्टिकला काही चिकटत नाही. त्यात अडकवावं लागतं. घोड्याच्या पायात तापवलेली तार घालू, वरून दुसरा पाय बसवू. हाताचंही तसंच. रंगाचं माझ्याकडे सोडा. सगळा सेट आणून द्या, मी नव्यासारखा करून देतो." मग त्यांनी भिंगातून टोपी पाहिली. "हे खड्डे कसले? उंदीर वाटतं. दाताला भरतो तोच मसाला घालतो यात. चिकटणार नाही, पण आत गच्च बसेल. भरू ना?"

मी जोरात मान हलवली. भरा. उंदराची निशाणी या घरात राहता कामा नये.

चिठ्ठी त्यांनी सुरेख लिहिली. रुग्णाचा उजवा हात खांद्यापासून निकामी असून त्यास नवीन हात बसवणे अत्यावश्यक आहे. खाली सही, शिक्का. पार्सलच्या बाईंनी ती दोनदा वाचली.

"हाताबद्दल दातांच्या डॉक्टरांनी लिहिलंय."

कापूस अजून तोंडात असल्यासारखा मी बोलत होतो. "डॉक्टर कशाचा असावा, याबद्दल नियमात काही आहे?"

बाईंनी शिक्का मारला. मारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं त्याला आमच्या नोकरीत आदर म्हणतात.

ताई आली. तोवर बायकोचे पाहुण्यांचे कप काचेच्या कपाटातून हलले होते आणि तिथे गाव वसलं होतं. डॉक्टरांनी शब्द पाळला होता. घोडा चार पायांवर, दरोडेखोर दोन, बंदुका सरळ, शेरीफचा हात पुढे रोखलेला आणि टोपी गुळगुळीत. ताईने बॅगसुद्धा आत नेली नाही. चष्मा बदलला आणि कपाटासमोर खुर्ची घेऊन बसली.

एकेक बाहुलं ती हातात घेऊन बघत होती. मी मागे उभा. परीक्षेच्या निकालालाही माझी अशी अवस्था झाली नव्हती, कारण तो निकाल मला आधीच ठाऊक असायचा.

"हा खाणवाला उभा असायचा ना रे?"

"दमला असेल," मी म्हणालो.

"हं." तिने त्याला परत बसवलं. मग सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली आणि म्हणाली, "छान ठेवलंस. टिकवलंस हो."

मी बायकोकडे पाहिलं. तिने ऐकलं होतं. साक्षीदार होता.

मग ताईने सगळ्यात शेवटी शेरीफ उचलला. बघितला नाही, नुसता मुठीत धरला आणि अंगठा टोपीच्या कडेवरून फिरवला. पुढे, मागे, पुन्हा पुढे. अंधारात दिव्याचं बटण चाचपावं तसा.

"खुणा कुठायत?"

"कसल्या?"

"दातांच्या. माझ्या."

मी म्हणालो, मला वाटलं उंदीर.

"उंदीर कसला? तुला आठवणार नाही, चार वर्षांचा होतास." ताई सरळ आवाजात बोलत होती, नळाचं पाणी किती वाजता येतं हे सांगावं तशी. "तापाने फणफणला होतास. आई-बाबा कामावर. मी कपाळावर पट्ट्या बदलत बसले होते. मध्येच तू डोळे फिरवलेस. मला वाटलं, हा काही आता राहत नाही. मग पडलास झोपून. मला इतकं रडायला येत होतं, पण रडले असते तर तू उठला असतास. म्हणून शेरीफ घेतला आणि दातात धरला. आई येईपर्यंत धरून होते. दहा वर्षांची होते मी." तिने टोपीवरून पुन्हा अंगठा फिरवला. "आई आल्यावर तो माझ्या हातातून सुटून पडला. त्याचा हात मोडला तो तेव्हाच. तुझ्याकडे दिला तेव्हा हातही नव्हता त्याला."

जसाच्या तसा आहे, मी म्हणालो होतो. जसाच्या तसाच होता तो, डब्यात, माळ्यावर. मला फार वाईट वाटलं. ताईसमोर मी पुष्कळ गोष्टी फोडल्या आहेत, पण दुरुस्त करून मोडलेली ही पहिलीच.

"भरून घेतल्या मी," कसंबसं म्हणालो. "दातांच्या डॉक्टरांकडून."

"असू दे," ताई म्हणाली. "त्यात काय, पुन्हा करू." आणि आम्ही हां हां म्हणेपर्यंत तिने शेरीफची टोपी तोंडात घातली आणि चावली.

कट्‌ असा आवाज झाला. बायकोने डोळे मिटले. ताईने शेरीफ बाहेर काढला. टोपीवर ओरखडा नव्हता. तिच्या कवळीचा पुढचा दात मात्र तिच्या तळहातावर होता.

ताईने आधी दाताकडे पाहिलं, मग टोपीकडे, मग माझ्याकडे.

"एवढं टिकाऊ करायला कुणी सांगितलं होतं रे तुला?"

फोन मीच केला. "कुठला दात?" स्वागतिकेने विचारलं. वरचा, पुढचा, मी म्हणालो, आणि या वेळी खरं बोलत होतो. शिवाय शेरीफलाही दाखवायचंय. तिने दोघांची वेळ एकत्र लिहून घेतली.

डॉक्टरांनी ताईची कवळी बाजूला ठेवली आणि सगळी हकीकत ऐकून घेतली. आपलं सुबक काम उखडायचं म्हणजे त्यांच्या जिवावर आलं होतं. चेहऱ्यावर दिसत होतं. पण त्यांनी बारीक आकडा घेतला, दिवा खाली ओढला आणि टोपीच्या कडेत हलकेच घातला. त्या प्लास्टिकला काही चिकटत नाही हे किती बरं. मसाल्याचा पहिला खडा टुणकन निघाला, मग दुसरा, मग सगळे. खाली खड्डे होते तसे होते.

डॉक्टरांनी ते पांढरे खडे चिमट्याने ट्रेमध्ये ओळीने मांडले. वरून ते चेपलेले होते, पण खालून त्यांनी खड्ड्यांचा, म्हणजे दातांचाच, आकार घेतला होता. बारीक, कोवळे, एक जरासा तिरका. ताई वाकून बघत राहिली. कवळी बाहेर असल्यामुळे तिचे गाल आत गेले होते.

"हा तिरका होता माझा," ती बोळक्या तोंडाने म्हणाली. "आई म्हणायची, मोठेपणी सरळ होईल."

डॉक्टरांनी ते दात एका छोट्या डबीत घालून दिले. डबीवर स्वागतिकेने सवयीने नाव आणि वय लिहिलं. नाव ताईचं. वय विचारलं तेव्हा ताई म्हणाली, "दहा." स्वागतिकेने दहा लिहिलं.

घरी आल्यावर ताईने शेरीफला कपाटात त्याच्या जागी उभा केला, टोपीची चावलेली बाजू पुढे करून. मग माझ्याकडे वळली आणि बोटांची मागची बाजू माझ्या कपाळाला लावली. दात काढल्यापासून मला रोज थोडी कणकण येत होती. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

"सेट मी नेणार होते," ती म्हणाली. "पण राहू दे तुझ्याकडेच. टिकतोय तुझ्या हातात. फक्त पुन्हा दुरुस्त करू नकोस."

मी बरं म्हणालो. खाणवाला अजून मांडी घालून बसलेला आहे. बसू दे म्हटलं.